आर्वी ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ यांचे गणित

वर्धा जिल्ह्यातील आर्वीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्याचा विमानप्रवास बहुधा नागपूरहूनच सुरू होतो. अमरावतीजवळचा बेलोरा विमानतळ आर्वीला अधिक जवळ असला, तरी एप्रिल २०२५ मध्ये तो सुरू झाला तो मुंबईच्या विमानसेवेने. आर्वी आणि नागपूर विमानतळ यांच्यातील सरळ अंतर सुमारे ८५ किलोमीटर भरते, पण तळेगाव, कारंजा, कोंढाळीवरून जाणारा रस्ता शंभर किलोमीटरहून अधिक आहे. आकाशात रस्ते नसल्यामुळे तेथे अशी तफावत नसावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती तेथेही असते, फक्त तिची कारणे वेगळी असतात.

नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे कमीत कमी अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर आहे. ते बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर आखल्या जाणाऱ्या वर्तुळावर मोजतात. भिंतीवरील सपाट नकाशा पाहणाऱ्याला हा मार्ग थेट पूर्वेला पॅसिफिक महासागरावरून जावा असे वाटते. परंतु गोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, नेपाळ, तिबेट आणि सायबेरिया ओलांडून ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. पृथ्वीचा नेमका आकार ठाऊक असल्याशिवाय असे अंतर अचूक सांगता येत नाही, आणि तो आकार ठरवण्याच्या कामात वर्धा जिल्ह्याचेही नाव आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा आणि ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास भारताचा महाकंस मोजत उत्तरेकडे सरकलेला विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला; आर्वीदेखील त्याच रेखांशाच्या जवळ वसलेली आहे.

हा सर्वांत जवळचा मार्ग मात्र विमाने सहसा घेत नाहीत. विमानातील हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. याखेरीज हवाई हद्दींचा प्रश्न असतो : एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले.

वाऱ्याचा परिणाम याहूनही विलक्षण आहे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, विमानाच्या पाठीशी असले की जमिनीच्या संदर्भातील त्याचा वेग वाढतो आणि समोरून आले की घटतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाला, तरीही ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले. विमानप्रवासात जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

तिकिटावरील वेळा वाचताना आणखी एक हिशेब करावा लागतो, कारण प्रस्थान आणि आगमन या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास चालते. त्यामुळे पहाटे चारला दिल्लीहून निघून साडेचौदा तास उडणारे विमान उन्हाळ्यात त्याच तारखेच्या सकाळी सहाला, तर हिवाळ्यात पाचलाच तेथे उतरते.