हप्तेबंदीनंतरचा तगादा

कर्ज ठरल्या मुदतींत फिटत नाहीं असें दिसूं लागतांच धनकोकडे जाऊन रीतसर हप्तेबंदी करून घेणें, यांत कमीपणा मुळींच नाहीं. आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या बँकेशीं असा लेखी करार केला व पहिला हप्ता वेळेवर भरलाहि. तरी आठच दिवसांत वसुलीच्या माणसाचा फोन आला, आणि तो नेमका त्यांच्या मातोश्रींनीं घेतला. कर्जाची वा कराराची त्यांना वार्ताहि नव्हती! अब्रूच्या धास्तीनें त्यांनीं हातांतल्या पाटल्या मोडावयास काढल्या.

हा प्रसंग कर्जानें आणला नाहीं, लपवालपवीनें आणला.

करारानंतरहि तगादा कां चालू राहतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. वसुलीचें काम पुष्कळदा बाहेरच्या मंडळींकडे असतें आणि त्यांच्या यादींत जुनाच आकडा राहून जातो. शिवाय एका धनकोशीं केलेला करार दुसऱ्यास बांधत नाहीं. प्रत्येकाशीं स्वतंत्रपणें ठरवावें लागतें. जो अधिक ओरडेल त्याला आधीं पैसे दिले, कीं ठरलेला हप्ता चुकतो आणि करारच मोडण्याची वेळ येते.

यास्तव आमची सूचना अशी कीं, बोलणें घरांतील एकानेंच करावें. पण कराराची माहिती सर्वांस असावी. फोन आल्यास बोलणाराचें नांव, तारीख व वेळ टिपून ठेवावी आणि कराराची प्रत जोडून बँकेस लेखी कळवावें. दाराशीं आलेल्या माणसाकडे ओळखपत्र व बँकेचें अधिकारपत्र मागावें. पावतीवांचून एक पैसाहि हातावर ठेवूं नये. १८७९ सालच्या दख्खनच्या कायद्यानें शेतकऱ्यासहि सावकाराकडून लेखी पावती मागण्याचा हक्क दिला होता, तो उगाच नव्हे. न्यायालयाचें समन्स आल्यास मात्र तें बाजूस न ठेवतां तत्काळ वकिलास दाखवावें.

थकलेल्या कर्जासाठीं सकाळीं ८ पूर्वीं व सायंकाळीं ७ नंतर फोन करूं नये, धाकदपटशा करूं नये, कुटुंबीयांच्या व स्नेह्यांच्या खासगी जीवनांत शिरूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें १२ ऑगस्ट २०२२ रोजीं बँकांस बजावलें. तसें घडल्यास प्रथम बँकेकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेलें समाधानकारक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागतां येते.

घेतलेलें ऋण फेडणें हा आपला धर्मच आहे. परंतु ऋणाबरोबर घरची शांतता कोणीं गहाण ठेवलेली नसते. आमच्या स्नेह्यांच्या घरीं कराराची प्रत आतां फडताळांत, सर्वांच्या हाताशीं असते. परवां पुन्हां एक गृहस्थ वसुलीस आले, तेव्हां मातोश्रींनींच त्यांना ओटीवर बसविलें, पाणी दिलें आणि विचारलें, “आपलें अधिकारपत्र दाखवितां ना?” पाटल्या हातांतच होत्या.