थिनर, स्पिरिट आणि जखम

चाकणच्या एका कारखान्यात रंगकाम करणारा तरुण गेल्या आठवड्यात दवाखान्यात आला. गंजक्या पत्र्याने तळहात खोल कापलेला, भोवतीची कातडी पांढरीफटक. "काय लावलंस रे?" विचारले तर म्हणतो, "डॉक्टर, थिनरनं धुतलं. जंतू मरतात ना त्यानं?"

हा समज आपल्या पट्ट्यात बऱ्याच जणांचा आहे, म्हणून आज थोडे मुळापासून सांगतो.

पेशी जंतूची असो वा माणसाची, तिची कामे प्रथिने करतात. जंतूच्या डीएनएला बिलगून त्याची राखण करणारी प्रथिनेही असतात. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेला लांब धागा. घडी मोडली की काम बंद. ही घडी टिकते ती बरीचशी सभोवतालच्या पाण्यामुळे. १९३४ साली केंब्रिजला बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकांचे क्ष-किरणांनी चित्र घेतले. हवेत वाळलेल्या स्फटिकांची रचना पार विस्कटली होती. मूळ द्रावातच ठेवलेल्यांचे चित्र मात्र सुरेख उमटले. (याच बाई पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून प्रसिद्ध झाल्या. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये जे पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्याची रचना त्यांनीच १९४५ साली उलगडली होती.)

भोवतीचे पाणी काढून दुसरे द्रावक आणले की घडी सैल होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर स्पिरिट ओता, तो शिजल्यासारखा गोठतो. पण गंमत अशी, की निव्वळ अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल जंतूंना जास्त मारक असते. घडी उलगडायलाही थोडे पाणी लागतेच. शिवाय निव्वळ अल्कोहोल भुर्रकन उडून जाते.

आता धनुर्वाताचा जंतू घ्या. तो मातीत बीजाणूच्या रूपात, जाड कवचात, वर्षानुवर्षे पडून राहतो. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार थोडे असते. बीजाणूंमध्ये डीएनएला चिकटून त्याचे रक्षण करणारी खास प्रथिने असतात. अशा एका प्रथिनाची डीएनएसकट स्फटिकरचना २००८ साली प्रसिद्ध झाली. या कोरड्या, कवचबंद गाभ्यापुढे स्पिरिटचेही काही चालत नाही, तिथे थिनरची काय कथा!

उलट थिनर तुमच्याच कातडीचे तेल ओढून घेतो आणि उघड्या मांसाला इजा करतो. मेलेल्या मांसाला प्राणवायू पोचत नाही, आणि धनुर्वाताचा जंतू वाढतो तो नेमका अशाच जागी. म्हणजे जंतू मारायला निघालो आणि त्याला अंथरूण घालून दिले!

त्या मुलाची जखम मी भरपूर पाण्याने धुतली, मेलेले मांस काढले. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे त्याला आठवेना. पूर्वीचे डोस पूर्ण असले तरी मळलेल्या जखमेत पाच वर्षे उलटून गेली असतील तर लस पुन्हा घ्यावी लागते. याला तर पहिल्यापासून सुरुवात केली, जोडीला तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही दिले. जखम झाली की नळाखाली धरा, साबण लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. पाळी संपायची वाट पाहू नका.

पुढचा डोस चार आठवड्यांनी आहे. तो येतो का, बघायचे.