मामांचा ट्रॅक्टर आणि वाटीएवढे सील

आमच्या मामांची बाग गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे जाताना वरच्या अंगाला लागते. कोकणात ट्रॅक्टर म्हटले की घाटावरची मंडळी हसतात. इवल्याशा कुणग्यांत यंत्र वळायचे कसे? पण मामांचा ट्रॅक्टर नांगरापेक्षा ओझ्यालाच अधिक. पावसाळ्यात चिखलणी, मग पेंढा, शेणखत, जांभ्याचे चिरे आणि उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या. चाळीस वर्षांत तो घरातलाच एक होऊन बसला आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून गेलो, तेव्हा त्याच्या मागच्या उजव्या चाकावर आतून काळा ओघळ दिसला. “म्हातारा झालाय रे, गळायचाच,” असे म्हणून मामांनी वरून आणखी लिटरभर तेल ओतले आणि विषय संपवला.

दुसऱ्याच दिवशी पेंढ्याची ट्रॉली घेऊन आम्ही उतारावरून येत होतो. मी मडगार्डावर बसलो होतो. (बसू नये, हे आता कळते.) मामांनी ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर थांबायचा सोडून डावीकडे ओढू लागला. खाली वळणावर फटाके घेतलेली चार पोरे! मामांनी चाक गडग्याला घासून कसाबसा तो थांबवला. नंतर कितीतरी वेळ त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

संध्याकाळी मिस्त्री आला. तेलाची काठी काढून पाहताच म्हणाला, “काका, खुणेच्या वर दोन बोटं तेल आहे की!”

या ट्रॅक्टरची बांधणी हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयरिश गृहस्थाच्या धाटणीची. तीत गिअर, डिफरन्शियल आणि अवजार उचलणारे हायड्रॉलिक या तिघांना एकच तेल. ते आसाच्या नळीतून चाकाकडे येते. तिथे त्याला अडवते ते ऑइल सील: रबराचा एक ओठ आणि तो दांड्यावर आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. त्याच्या पलीकडेच ब्रेकचा ड्रम. रबर कडक झाले, चिखलाची कच ओठाखाली गेली, की तेल ब्रेकवर आलेच. त्यात मामा तेल जास्त भरणार आणि ट्रॅक्टर नेहमी उजवी बाजू उताराला करून उभा ठेवणार!

टेकण म्हणून मी हौसेने चिरे आणले. मिस्त्रीने ते परत पाठवले. जांभा घर बांधायला उत्तम, पण सारा भार एका कडेवर आला तर फुटतो. त्याने फणसाचे ठोकळे घातले, पुढच्या चाकांना ओंडके लावले, आणि मग चाक काढले. ड्रम उघडला तर आत नुसते काजळ.

दांडा काही हलेना. तेव्हा त्याने ड्रमच उलटा करून चाकाच्या बोल्टांवर ढिल्या नटांनी अडकवला आणि बाहेरच्या बाजूला आपटायला सुरुवात केली. पाच-सहा ठोक्यांत दांडा सुटला. बेअरिंग धरणारी कडी भोक पाडून छिन्नीने फोडावी लागली. पत्र्याच्या पातळ चकत्या मी कचरा समजून फेकणार होतो, तोच तो ओरडला. आसाला किती खेळू द्यायचे हे त्या शिम ठरवतात. त्याने त्या सुतळीत ओवून खुंटीला टांगल्या.

जुन्या सीलने दांड्यावर नखाला लागेल अशी खाच पाडली होती. नवे त्याच जागी बसते तर महिन्याभरात पुन्हा गळते. म्हणून मिस्त्रीने ते केसभर आत बसवले, ओठ तेलाच्या बाजूला. नळीतलेही सील बदलले, आणि दांडा आत घालताना त्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर नवे रबर तिथेच फाटायचे. नवी कडी तापवून चढवली.

खरी लढाई झाली ती लायनिंगवरून. “पेट्रोलने धुऊ, उगाच खर्च कशाला?” मामांचे टुमणे. तेल प्यालेले लायनिंग धुऊन कोरडे होत नाही, आणि एकच बाजू बदलली तर ब्रेक पुन्हा एकीकडे ओढणार. शेवटी मामी ओसरीवरून म्हणाली, “त्या पोरांची किंमत किती धरलीत?” दोन्ही बाजू बदलल्या. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून मिस्त्रीने धूळ फुंकू दिली नाही. ओल्या फडक्याने पुसायला लावली.

तेल काठीच्या खुणेपर्यंत आणले. दोन्ही ब्रेकचे पेडल जोडणारी खिटी मामा कधी लावीतच नसत. ती लावून रिकाम्या ट्रॉलीने उतारावर तीनदा पाहिले. सरळ थांबला. रात्री मामांनी दोन्ही चाकांखाली केळीची पाने पसरली आणि पहाटे कंदील घेऊन पाहायला गेले. पानांवर दव होते.

“आता चढ मडगार्डावर,” मामा म्हणाले. मी ट्रॉलीमागून चालत गेलो.