अलर्कविष आणि ऊसतोडीचा हंगाम

मेंदू व मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाणुजन्य व्याधींपैकी आपल्या संहितांनी ज्याचे चित्र सर्वांत स्पष्ट रेखाटले, तो व्याधी म्हणजे अलर्कविष, अर्थात रेबीज. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या, मूषिककल्प अध्यायात पिसाळलेल्या प्राण्याची गळलेली शेपटी व जबडा, वाहणारी लाळ, दंशस्थानाची बधिरता आणि अखेरीस पाण्याच्या नुसत्या दर्शनाने दचकणारा रुग्ण, हे सारे येते. जलत्रास तेथे अरिष्टलक्षण म्हणून सांगितला आहे. ज्याच्या शरीरात विष आपणहून प्रकोप पावले तो वाचत नाही, म्हणून वैद्याने त्यापूर्वीच त्वरा करावी, असा आचार्यांचा आदेश आहे. यात लसीचा शोध पाहण्याची हौस काही मंडळींना असते. ती येथे नको. मात्र काळाचे भान त्या वचनात पुरेपूर आहे.

आधुनिक शास्त्र त्या काळाचा उलगडा करते. लाळेतून जखमेत उतरलेला विषाणू स्नायूंतून चेतातंतूंच्या टोकांत शिरतो आणि त्यांच्या आतून मज्जारज्जूकडे व मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. दंश चेहऱ्यावर वा मानेवर असल्यास कमी, क्वचित वर्षाहूनही अधिक. या अवधीत रुग्ण ठणठणीत दिसतो. उपचाराचा काळ हाच. लक्षणे प्रकटल्यावर वाचलेले रुग्ण साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत.

दंशानंतर पहिले कर्म म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे जखम धुणे. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असल्याने साबणाने ते फुटते. वाटलेली मिरची, चुना, हळद यांचा लेप खेड्यापाड्यांत अजूनही होतो. त्याने जखम चिघळते आणि वेळ जातो. सुश्रुतांनी रक्तविस्रावण व तप्त घृताने दहन सांगितले आहे. त्या काळी हाती असलेल्या साधनांत ते योग्यच होते, पण ग्रंथनिष्ठेच्या नावाखाली आज ते करणे मला समर्थनीय वाटत नाही. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे. जखम शक्यतो शिवू नये. त्वचा फाटून रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, कारण लसीने प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडाभर तरी लागतो. प्रत्येक ठिकाणी ते मिळेलच असे नाही. म्हणून साठ्याची चौकशी करून रुग्णास चिठ्ठीसह जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात धाडावे. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती वृद्धांच्या मनात अद्याप आहे. मेंदूच्या ऊतीपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात या शतकाच्या आरंभीच बंद झाली, हे त्यांना आवर्जून सांगावे.

आता बीडचा विशेष प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी भागांतील टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात आणि पट्टा पडल्यावरच परततात. पती-पत्नी मिळून एक कोयता. लेकरेही संगतीला कोपीवर. लसीचे दिवस मात्र ठरलेले असतात. त्वचेत द्यावयाच्या पद्धतीत ०, ३, ७ व २८. स्नायूत द्यावयाच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ व २८. गावी असताना पहिली मात्रा घेतलेल्या मुलाची शेवटची तारीख सांगली वा बेळगावच्या फडात उजाडते. तेथे एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात व अंदाजे ५,७२६ माणसे रेबीजने दगावतात. दंश झालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांनी लस घेतलीच नव्हती आणि सुरू करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती पूर्ण केली नव्हती. आपल्या जिल्ह्यात या अपूर्णतेचे एक कारण उचलीच्या व्यवहारात दडलेले आहे, असे मला वाटते.

म्हणून लसपत्रिकेवर पुढील तारखा ठळक लिहून ती पालकाच्या हाती द्यावी आणि मुकादमासही सांगावे. मात्रा कोणत्याही शासकीय दवाखान्यात घेता येते. तारीख चुकल्यास प्रारंभापासून सुरुवात नको. राहिलेली मात्रा त्वरित घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा. गर्भिणी व स्तनदा मातांनाही लस निषिद्ध नाही. ज्या औषधालयांत लस ठेवली जाते, त्यांनी शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांत राखावे. भारनियमनानंतर गोठलेली किंवा तापलेली कुपी विकणे म्हणजे पाणी विकणे. ‘विष उतरवणारी’ मुळी मागण्यास येणाऱ्या ग्राहकाला रिकाम्या हाती परत न पाठवता दवाखान्याचा पत्ता द्यावा. धोत्र्याचे कल्प तर चुकूनही देऊ नयेत. त्याच्या विषाराने होणारा भ्रम पुढील निदानास घोटाळ्यात टाकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुमारे एक पंचमांश रुग्णांत जलत्रास ठळक नसतो. दंश झालेल्या अवयवापासून दुर्बलता सुरू होऊन ती सर्वांगात पसरते, आणि असा रुग्ण पक्षवधाचा म्हणून आपल्याकडे अभ्यंग-बस्तीसाठी आणला जातो. गेल्या वर्षभरात कुत्रे चावले होते काय, हे त्याच्या घरच्यांना विचारलेच पाहिजे. ते आपणहून सांगत नाहीत. जखम केव्हाच भरून गेलेली असते.