ट्वीडचा जुना कोट आणि रोजचा पेहराव

पाश्चात्त्य पुरुषी पेहरावात लोकरीची अनेक कापडे आली आणि मागे पडली. ट्वीड मात्र आपले मूळचे भरड रूप फारसे न बदलता जवळजवळ दोन शतके टिकून आहे. कचेरीतले सूट ज्या गुळगुळीत वर्स्टेडचे शिवतात, त्यात लोकरीचे तंतू विंचरून समांतर केलेले असतात. ट्वीडसाठी ते केवळ पिंजले जातात, त्यामुळे ते आडवेतिडवे राहतात, त्यांच्या पोकळ्यांत हवा अडकते आणि कापड उबदार, पण हाताला खरखरीत लागते. ज्याने धनगरी घोंगडे पांघरले आहे, त्याला या खरखरीतपणाचे नवल वाटणार नाही. स्कॉट बोलीत तिरक्या विणीच्या कापडाला ‘ट्वील’ म्हणतात. १८३०च्या सुमारास लंडनच्या एका व्यापाऱ्याने हा शब्द चुकीचा वाचला आणि स्कॉटलंडच्या सीमेवरील ट्वीड नदीच्या नावामुळे ती चूकच रूढ झाली, अशी या नावाची कथा सांगितली जाते.

हे कापड शहराचे नव्हे, डोंगराचे आहे, ही गोष्ट त्याच्या वापरातही विसरून चालत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश धनिकांनी शिकारीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मोठाल्या जहागिरी घेतल्या आणि तेथील रखवालदारांसाठी त्या त्या डोंगराच्या रंगात मिसळून जाणारी खास कापडे विणून घेण्यास सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी बालमोरल या आपल्या तेथील जहागिरीसाठी योजलेले, दुरून ग्रॅनाइटच्या दगडासारखे करडे दिसणारे ट्वीड याच परंपरेतले आहे. ट्वीडचे रंग सहसा भडक नसतात, याचे मूळ या लपण्याच्या गरजेत आहे.

या कुळातील सर्वांत मानाचे कापड म्हणजे हॅरिस ट्वीड. स्कॉटलंडच्या वायव्येकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर ते विणले जाते. १८४०च्या दशकात हॅरिस बेटाची जहागीर सांभाळणाऱ्या लेडी डनमोर यांनी तेथील विणकऱ्यांचे कापड आपल्या वर्तुळातील श्रीमंतांपर्यंत पोहोचवले. पुढे नकली मालाला आळा घालण्यासाठी १९०९मध्ये संघटना स्थापन झाली आणि क्रूस बसवलेल्या गोलाची मुद्रा कापडावर उमटू लागली. १९९३मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यानुसार, नव्या शुद्ध लोकरीचे, बेटांवरच रंगवलेले व कातलेले, तेथील रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेले आणि अखेरची प्रक्रियाही बेटांवरच झालेले कापडच हॅरिस ट्वीड म्हणवू शकते. येथे ‘हाताने’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल घ्यावा लागतो, कारण हे माग बहुधा पायाने चालवले जातात. विजेचे बळ मात्र त्यांना दिले जात नाही.

या कापडाची खरी किमया रंगात आहे. सूत कातून मग रंगवण्याऐवजी येथे आधी लोकर रंगवतात, निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजतात आणि मग धागा काढतात. परिणामी दुरून निव्वळ तपकिरी वाटणाऱ्या कोटाकडे जवळून पाहिल्यास त्यात जांभळा, मोहरी, शेवाळी असे कितीतरी तंतू सापडतात. पूर्वी तांबूस तपकिरी रंगासाठी खडकावरचे ‘क्रॉटल’ खरवडून काढीत; ते गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्याच कुळातले आहे.

रोजच्या पेहरावात ट्वीड कसे बसवावे, याचे उत्तरही या रंगात आणि पोतात दडलेले आहे. भरड कापडाशेजारी भरडच कापड शोभते. म्हणून ट्वीडच्या कोटाखाली राखाडी फ्लॅनेलची किंवा कॉर्डुरॉयची विजार, गडद जीन्स, ऑक्सफर्ड या जाडसर विणीच्या सुती कापडाचा सदरा, विणलेला लोकरी टाय आणि तपकिरी चामड्याचे बूट सहज मिसळून जातात, तर चमकदार रेशमी टाय आणि झिरझिरीत पांढरा सदरा त्याच कोटाला उपरा भासवतात. सदऱ्याचा किंवा स्वेटरचा रंग कोटाच्या कापडातील एखाद्या बारीक तंतूवरून निवडला, तर जुळणी करण्यासाठी निराळी रंगदृष्टी लागत नाही. कोटावर ठळक चौकडी असेल, तर बाकीचे कपडे एकरंगी बरे. माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या हेरिंगबोन विणीला एवढे पथ्य नाही. कोट, वास्कट, विजार, टोपी आणि साखळीचे घड्याळ असा सगळा सरंजाम एकदम चढवण्याची हौस ‘पीकी ब्लाइंडर्स’ या मालिकेनंतर वाढली आहे. लग्नसमारंभात ते खपून जाईल, पण बसच्या रांगेत ते बहुरूप्याचे सोंगच ठरते. ट्वीडचा एक कपडा आणि बाकीचे साधे, हे प्रमाण रोजसाठी पुरेसे आहे.

जुना कोट विकत घेणे हा या छंदातील सर्वांत शहाणपणाचा भाग आहे, कारण हे कापड वापराने मऊ होते आणि झिजलेल्या कोपरांवर चामड्याचे ठिगळ लावले तर ते कमीपणाचे मानले जात नाही. राजे चार्ल्स तिसरे ठिगळ लावलेले कोट जाहीरपणे वापरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग जवळजवळ नाही; युरोपात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्यांना तो तेथे अधिक कामी येतो. खरेदीपूर्वी कोट उजेडात धरून कसरीने पाडलेली भोके पाहावीत, काख व अस्तर तपासावे. घरी आणल्यावर वारंवार ड्रायक्लीन करण्यापेक्षा ब्रशने झटकून, वाऱ्यावर ठेवून, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा. बाहीची लांबी आणि कमरेचा घेर कोणताही जाणता शिंपी कमीजास्त करू शकतो, खांदा बदलणे मात्र जवळजवळ नवा कोट शिवण्याइतके अवघड आणि महाग असते. तेव्हा खांदा बसत नसेल, तर कापड कितीही देखणे असो, तो कोट दुकानातच राहू द्यावा.