बालसारथी आणि हिमगाडी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, लेकी व पुतणे आज अमेरिकेंत अगर कॅनडांत संसार थाटून राहिले आहेत. त्यांच्या पत्रांतून बर्फाचें वर्णन येतें, आणि एखादे वेळीं छायाचित्रही येतें: शिरस्त्राण घातलेला आठ-नऊ वर्षांचा नातू एका चिमुकल्या गाडीवर बसलेला आहे. घरांतील वडील मंडळींच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो, "ही उलटली तर?" प्रश्न रास्त आहे, व त्याचेंच उत्तर आम्ही येथें देणार आहों.

या गाडीस स्नोमोबाइल म्हणतात. हिच्या इतिहासांत एका बालकाच्या मृत्यूची खूण आहे. क्यूबेक प्रांतांतील व्हॅलकोर्ट गांवचे यंत्रज्ञ जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ सालच्या हिवाळ्यांत आजारी पडला. रस्ते बर्फाखालीं गेलेले. रुग्णालय गांठतां आलें नाहीं व मूल दगावलें. बर्फावरील वाहनाचा त्यांचा ध्यास जुनाच होता. तो आतां अधिकच तीव्र झाला. १९३७ सालीं त्यांनीं पट्ट्यावर चालणाऱ्या वाहनाच्या यंत्ररचनेचें पेटंट मिळविलें, आणि १९५९ सालीं हलकी 'स्की-डू' बाजारांत आणली. अशा वाहनाच्या बाबतींत तरी मुलाविषयीं हयगय होतां कामा नये.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचें मत असें कीं, सोळा वर्षांखालील मुलांनीं ही गाडी चालवूं नये, व सहा वर्षांखालील मुलास मागें बसवूनही नेऊं नये. हें जाणूनही जे पालक आपल्याच आवारांत, डोळ्यांदेखत, मुलांकरितां बनविलेल्या १२० सी. सी. च्या गाडीवर मुलास शिकवितात, त्यांच्यासाठीं पुढील सूचना आहेत. अशा गाडीचा वेग साधारणतः ताशीं १३ किलोमीटरांच्या आसपास बांधलेला असतो. मुलानें कितीही हट्ट धरला तरी तो बांध सोडवूं नये.

गाडीची रचना सोपी आहे. पुढें दोन स्की वळण देतात. मागें दांतेरी रबरी पट्टा बर्फ पकडून गाडी ढकलतो. गाडीनें वेग घेतला कीं भार मागें सरकतो, स्की हलक्या होतात, आणि मुलानें दांडा वळविला तरी गाडी सरळच जाते. उलट पुढची पकड फार बळकट व मागची दुबळी असेल, तर वळणावर मागचा भाग घसरून फिरतो. म्हणून पुढची व मागची पकड समतोल राखणें हें यांतील मर्म होय. स्कीखालीं कठीण कार्बाइडची धार बसविलेली असते. ती झिजली असल्यास बदलावी. मात्र फार लांब धार घातल्यास दांडा जड होतो व कोंवळे हात थकतात. पट्ट्यास पोलादी खिळे ठोकावयाचे झाल्यास पुढची धारही त्या मानानें पाहावी.

पट्ट्याच्या सांगाड्यांत पुढील बाजूस एक बंद असतो. तो आंखूड केला असतां स्कीवर भार वाढतो व वळण नेमकें होतें. सैल सोडला असतां मागची पकड वाढते. एका वेळीं एकच भोंक बदलावें व गाडी चालवून पाहावी. स्प्रिंगा मुलाच्या वजनाप्रमाणें मऊ ठेवाव्या, आणि दोन्ही बाजूंस सारख्याच. पट्टा फार सैल असल्यास दांत्यांवरून उडतो, फार ताठ असल्यास गाडीची शक्ति खातो. पुस्तिकेंत दिलेलें मापच प्रमाण मानावें. दोन स्कींमधील अंतर वाढविण्याची सोय असल्यास तें वाढवावें; रुंद बैठकीची गाडी सहजासहजीं कलंडत नाहीं.

यंत्राइतकेंच महत्त्व मुलाच्या बैठकीस आहे. दांडा धरतांना कोंपर किंचित् वांकलेलें असावें, पाय पायपट्टीवर पक्के टेकावे, आणि वळतांना अंग आंतील बाजूस झुकविण्यास शिकवावें. शिरस्त्राण मुलाच्याच मापाचें हवें. थोरल्या भावाचें चालणार नाहीं. गाडी बंद करणारी दोरी मुलाच्या अंगास अडकविल्याशिवाय यंत्र सुरूंच करूं नये. मूल पडलें कीं दोरी सुटते व यंत्र थांबतें.

पहिले धडे झाडें, कुंपणें व उतार नसलेल्या मैदानांत, दाबून घट्ट केलेल्या बर्फावर द्यावे. नुसत्या कठीण बर्फावर फार वेळ चालवूं नये, कारण पट्ट्याखालील घसरपट्ट्यांस भुसभुशीत बर्फानेंच थंडावा मिळतो. गोठलेल्या तळ्यावर तर मुलास नेऊंच नये. मिनेसोटा राज्यांतील निसर्गसंपत्ति खातें या गाडीसाठीं नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान पांच ते सात इंच सांगतें. पण जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि वरून ती दिसतही नाहीं.

एवढें वाचल्यावर आजीनें नातवास "बसूं नकोस" इतकेंच लिहून थांबूं नये. तिनें विचारावें, "बाळ, दोरी अडकवितोस ना? पट्टा कोणी तपासला? बाबा जवळ उभे असतात ना?" नुसत्या मनाईचें पत्र मूल विसरून जाईल, परंतु या प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं म्हणून बापलेक दोघेही गाडीजवळ जाऊन एकदां नीट पाहतील. सातासमुद्रांपलीकडून वडील माणसांस एवढें करतां आलें, तरी पुष्कळ झालें.