एक पंप, अनेक औषधं

मागच्या व्याख्यानात आपण औषधाने कर्करोगाची पेशी कशी मरते ते पाहिलं. आज उलटा प्रश्न घेऊ: ती वाचते कशी?

समजा, एका रुग्णाला व्हिन्क्रिस्टिन दिलं. हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं. आधी गुण येतो, मग ते लागू पडेनासं होतं. डॉक्टर औषध बदलून डॉक्सोरुबिसिन देतात. हे जिवाणूंपासून मिळतं. याची रचनाही वेगळी आणि काम करायची रीतही वेगळी. तरी कधीकधी तेही चालत नाही. पेशीने जे औषध कधी पाहिलंच नाही, त्यालाही ती दाद देत नाही. हे कसं?

1976 साली ज्युलियानो आणि लिंग यांना कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन सापडलं: पी-ग्लायकोप्रोटीन. हा पंप आहे. तो औषध बाहेर फेकतो.

तो कसा चालतो हे पाहायला नमस्कारासारखे हात जोडा. बोटांची टोकं जुळलेली ठेवा आणि मनगटं लांब न्या. बोटं पेशीबाहेर, मनगटं पेशीच्या आत असं समजा. तळव्यांमधल्या पोकळीत औषध शिरतं. मग दोन्ही मनगटांशी एटीपीचा एकेक रेणू बसतो आणि मनगटं जवळ येतात. पोकळी दबते आणि तिचा रोख बाहेरच्या बाजूला वळतो. 2018 साली मानवी पंपाची एटीपीसह रचना दिसली, तेव्हा त्या पोकळीत औषधाला जागाच उरली नव्हती. पुढे एटीपी तुटतो, मनगटं पुन्हा लांब होतात आणि पंप नव्या फेरीला तयार.

आता मूळ प्रश्न. ही पोकळी मोठी आणि लवचीक आहे. तिला एका ठरावीक आकाराची किल्ली लागत नाही. स्निग्ध पदार्थात सहज मिसळणारे रेणू ती धरते. पेशीचं पटलही स्निग्धच असतं. म्हणजे ज्या गुणामुळे औषध पेशीत शिरतं, त्याच गुणामुळे ते पंपाच्या तावडीत सापडतं!

मग पंपच बंद करू या की! 1981 मध्ये व्हेरापॅमिल या हृदयाच्या औषधाने प्रयोगशाळेत ते जमलं. पण रुग्णांवरच्या चाचण्यांत अशा औषधांनी अपेक्षा पूर्ण केल्या नाहीत. एक तर पेशीकडे वाचायचे इतरही मार्ग असतात. दुसरं म्हणजे हाच पंप आपल्या आतड्यांत, मूत्रपिंडांत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पहारा देतो. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत त्याच्या जनुकात दोष असतो. त्यांना आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा दिली तर ते मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं.

तेव्हा लक्षात ठेवू: हा पंप कर्करोगाने शोधलेला नाही. आपल्याला विषांपासून वाचवणारा पहारेकरीच गाठीने आपल्या दारात उभा केलाय. त्याला तिथून हटवायचं, पण मेंदूच्या दारातून हलू द्यायचं नाही, ही खरी अडचण आहे.